मुलाला कॅथलिक प्राथमिक शाळेत घातलंय? मग आधी हे वाचून घ्या

माझ्या मुलीला शाळेत जाऊन तीनच दिवस झाले होते, रात्री जेवायला बसल्यावर तिने डोळे मिटले आणि डाव्या हाताने कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा असं भराभर करून एक डोळा उघडून विचारलं, "आई, बरोबर का?" आता मला काय माहीत बरोबर का ते! आमच्या घरात कोणीच कॅथलिक नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या, म्हणाल्या, मी मुलांकडे तोंड करून उभी असते ना, मग मुलं माझं बघून आरशासारखं करतात, दरवर्षी पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग उलटाच असतो. मग त्यांनी फळ्याकडे तोंड करून, मुलांकडे पाठ करून पुन्हा दाखवलं. (याला क्रूसाची खूण म्हणतात, बरोबर काय ते सांगून टाकते: उजवा हात, कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा.)

तेव्हापासून पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत मी जे जे चुकले, उशिरा विचारलं, किंवा लाजून विचारलंच नाही, ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. कॅथलिक घरातल्या पालकांनाही काही गोष्टी उपयोगी पडतील, कारण माझ्या ओळखीच्या कितीतरी कॅथलिक आयांना कागदपत्रांच्या बाबतीत माझ्याइतकाच गोंधळ झाला होता. शाळेशाळेचे नियम वेगळे असतात, त्यामुळे जिथे चर्चचा नियमच आहे तिथे तो सांगितलाय, बाकी ठिकाणी कोणाला काय विचारायचं ते.

१. शाळा नक्की कोणाची आहे ते आधी बघा

कॅथलिक शाळा म्हणजे सगळ्या एकाच साच्यातल्या असं मला वाटायचं. तसं नसतं. काही शाळा धर्मप्रांताच्या (म्हणजे एका बिशपच्या अधिकारातल्या भागाच्या) किंवा धर्मग्रामाच्या म्हणजे पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीच्या) असतात, तिथे बिशप आणि पॅरिशचे फादर यांचा थेट संबंध असतो. काही शाळा एखाद्या संघाच्या असतात, म्हणजे सिस्टर्सचा किंवा ब्रदर्सचा संघ. संघाची असली तरी बिशपचा संबंध सुटत नाही, कारण चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेला स्वतःला कॅथलिक शाळा म्हणवून घेता येत नाही, तसा चर्चच्या कायद्यातच नियम आहे.

याचा आपल्याला काय उपयोग? एक म्हणजे अडचण आली तर शेवटी कोणाकडे जायचं ते कळतं. दुसरं म्हणजे शाळेचा स्वभाव कळतो. ज्या संघाची शाळा, त्या संघाच्या संस्थापकाची छाप शाळेवर असतेच. उदाहरणार्थ जॉन बाप्टिस्ट द ला साल हा १७व्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू, त्याने मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या रोजच्या फ्रेंचमध्ये वाचायला शिकवायचा आग्रह धरला आणि एकेकाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी सगळ्या वर्गाला एकत्र शिकवायची पद्धत रुजवली, १९५० साली पोपनी त्याला शिक्षकांचा आश्रयदाता संत ठरवलं. डॉन बॉस्को या १९व्या शतकातल्या इटालियन धर्मगुरूच्या परंपरेतल्या शाळेत गेलात तर खेळाचं मैदान आणि मुलांमध्ये मिसळणारे शिक्षक यावर भर दिसेल, कारण त्याची पद्धतच होती की शिक्षा करायची वेळ येऊ नये म्हणून आधीपासून मुलांसोबत राहायचं, विवेक, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर सगळं उभं करायचं. अर्सुलाइन सिस्टर्सची परंपरा तर आणखी जुनी, अँजेला मेरिचीने १५३५ मध्ये सुरू केलेली, मुलींच्या शिक्षणात त्यांनी फार काम केलंय.

शाळेच्या वेबसाइटवर किंवा दारातल्या पाटीवर हे असतं. दोन मिनिटांचं काम आहे. मी केलं नव्हतं, आणि भेटीच्या वेळी मुख्याध्यापक सिस्टरनी "आमच्या संस्थापिकेबद्दल काही माहीत आहे का" असं सहज विचारल्यावर मी नुसती हसत बसले.

२. कागदपत्रं

सर्वसाधारणपणे ही लागतात:

- मुलाचा जन्मदाखला
- पत्त्याचा पुरावा
- लसीकरणाचं कार्ड
- आधीच्या शाळेचा दाखला, असेल तर
- मुलाचे आणि पालकांचे फोटो
- ॲलर्जी, दमा, औषधं वगैरे असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी
- आईवडील वेगळे राहत असतील तर ताब्याबद्दलचा कोर्टाचा कागद (मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं हे शाळेला लेखी लागतं, तोंडी सांगून चालत नाही)
- कॅथलिक असाल तर बाप्तिस्म्याचा दाखला, आणि काही शाळांत तुमच्या पॅरिशच्या फादरांचं पत्र

आता बाप्तिस्म्याच्या दाखल्याबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त धावपळ इथेच होते. हा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्याच पॅरिशमधून मिळतो, तुम्ही आत्ता जिथे राहता तिथून नाही. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात बाप्तिस्मा झाला असेल तर तिथल्या ऑफिसला लिहावं लागतं, आणि पॅरिशचं ऑफिस काही रोज दिवसभर उघडं नसतं. बाप्तिस्म्याची नोंदवही ही माणसाची चर्चमधली मूळ नोंद असते, पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विश्वास पक्का करण्याचा संस्कार) झालं, लग्न झालं की त्याचीही नोंद त्याच पानावर चढते, म्हणून काही ठिकाणी जुना लॅमिनेट केलेला दाखला घेत नाहीत, नवीन उतारा मागतात. लॅमिनेट करूच नका खरं तर.

सापळा: जन्मदाखल्यावरचं नाव आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव वेगळं असणं. बाप्तिस्म्याच्या वेळी संताचं नाव जोडलेलं असतं, किंवा आजोबांचं, किंवा स्पेलिंगच वेगळं असतं. अर्ज भरायच्या आधी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघा.

३. फॉर्ममधला धर्माचा रकाना आणि पहिली भेट

जे आहे ते लिहा. बस. काही पालक कोणाच्या तरी सल्ल्याने गुळमुळीत काहीतरी लिहितात, मग पुढे कम्युनियनच्या (चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या) तयारीची यादी निघते आणि सगळं उघड होतं. अनेक शाळांत कॅथलिक मुलांना प्रवेशात प्राधान्य असतं हे खरं आहे, आणि जागा कमी असतील तर आपला नंबर खाली जातो, तेही खरं. पण बहुतेक शाळा इतर धर्मांची मुलं घेतात आणि त्यांच्याकडे ते नवीन नसतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांची एक भीती असते, माझ्या सासूबाईंनाही होती, ती म्हणजे "तिकडे मुलाचा धर्म बदलतील का". मी हे सरळ मुख्याध्यापकांनाच विचारलं होतं, जरा अडखळत, आणि त्यांना अजिबात राग आला नाही. चर्चचा १९८३ चा कायदा स्पष्ट सांगतो की कोणावरही बळजबरीने विश्वास लादता येत नाही, आणि लहान मुलाचा बाप्तिस्मा करायचा तर सर्वसाधारण परिस्थितीत आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागतेच. त्यामुळे प्रार्थनेला उभं राहिलं म्हणून कोणाचा बाप्तिस्मा होत नाही. पण हेही लक्षात घ्या की शाळा आपली ओळख लपवणार नाही, भिंतीवर क्रूस असेल, सकाळी प्रार्थना असेल, धर्मशिक्षणाचा तास असेल. ते नकोच असेल तर आत्ताच विचार करा, अर्धं वर्ष झाल्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही.

भेटीच्या वेळी हे प्रश्न विचारा, मी विचारले नव्हते:

- धर्मशिक्षणाचा तास सगळ्यांना असतो की कॅथलिक नसलेल्या मुलांना त्या वेळात नीतिशिक्षण वगैरे वेगळं काही असतं?
- शाळेच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) सगळी मुलं जातात का, न जाणाऱ्यांना कुठे बसवतात?
- पहिल्या कम्युनियनची तयारी शाळा घेते की पॅरिश?
- आमचं मूल प्रार्थनेला नुसतं शांत उभं राहिलं तर चालेल ना?

शेवटच्याचं उत्तर जवळपास नेहमी "हो" असतं. पण ते मुलाला आधी माहीत असलं पाहिजे, नाहीतर त्याला वाटतं की सगळे हात जोडतायत आणि मी चुकतोय.

४. कोण कोण आहे ते ओळखा

फादर म्हणजे धर्मगुरू, त्यांना गुरुदीक्षा मिळालेली असते, मिस्सा तेच अर्पण करतात आणि पापनिवेदन (कन्फेशन) तेच ऐकतात. सिस्टर आणि ब्रदर यांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी व्रतं घेतलेली असतात, ते शिकवतात, शाळा चालवतात, पण सिस्टर मिस्सा अर्पण करत नाहीत. मी एकदा सिस्टरना विचारलं होतं की उद्याची पूजा तुम्हीच सांगणार का. असो.

आजकाल बऱ्याच शाळांत मुख्याध्यापकसुद्धा संसारी माणूस असतो, शिक्षक तर बहुतेक संसारीच. म्हणजे दिसेल त्या प्रत्येक बाईला सिस्टर म्हणायचं नाही आणि सिस्टरना मॅडम म्हणायचं नाही. सगळ्या सिस्टर संघाचा वेशही घालत नाहीत, साध्या कपड्यांत छोटा क्रूस एवढीच खूण असू शकते. माहीत नसेल तर ऑफिसमध्ये विचारून घ्या, तिथल्या क्लार्कबाईंना सगळं माहीत असतं, शाळा खरं तर त्याच चालवतात.

५. रोजचा दिवस कसा असतो

इथे धर्म फक्त त्याच्या तासापुरता नसतो, तो दिवसभर थोडा थोडा येत राहतो. सकाळी असेंब्लीत प्रार्थना आणि शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला) एखादा छोटा उतारा. डबा उघडायच्या आधी दोन ओळींची प्रार्थना. कुठे कुठे दुपारी बारा वाजता घंटा होते आणि सगळे आहेत तिथे थांबून देवदूताच्या संदेशाची प्रार्थना म्हणतात. घरी निघताना परत एक. प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटं, पण रोज.

वर्गात एक प्रार्थनेचा कोपरा असतो, छोटं टेबल, त्यावर बायबल, क्रूस किंवा मरियामातेची मूर्ती, आणि खाली एक कापड. या कापडाकडे लक्ष ठेवा, कारण वर्षात काय चाललंय ते त्याच्यावरून कळतं. जांभळं असेल तर नाताळच्या किंवा ईस्टरच्या आधीचा तयारीचा काळ, पांढरं म्हणजे सण, लाल म्हणजे पवित्र आत्म्याचा किंवा हुतात्म्यांचा दिवस, आणि बाकी वर्षभर हिरवं. माझी मुलगी पहिलीत असताना घरी येऊन "आज कापड बदललं" एवढंच सांगायची, मला वाटायचं धुवायला काढलं असेल.

ऑक्टोबर आणि मे हे मरियामातेचे महिने मानतात, तेव्हा रोझरी म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना असते. पूर्ण रोझरीत पाच दशकं, म्हणजे प्रणाम मरियाची प्रार्थना दहा-दहा वेळा पाचदा. लहान वर्गात बहुतेक एकच दशक म्हणतात. तुमच्या मुलाने मणी मोजत घरभर फिरायला सुरुवात केली तर घाबरू नका, आमच्याकडे आजीच्या जपमाळेवर हाच प्रयोग झाला आणि आजी उलट खूश.

तुम्ही काय करायचं? मुलाबरोबर एकदा बसून ठरवा. कॅथलिक असाल तर क्रूसाची खूण, आमच्या स्वर्गातील बापा आणि प्रणाम मरिया ही तिन्ही घरी म्हणून घ्या, शाळेवर सोडू नका. नसाल तर मुलाला सांगा की इतरांची प्रार्थना चालू असताना शांत उभं राहायचं, हसायचं नाही, ढकलाढकली नाही, आणि म्हणायची इच्छा झाली तर घरी येऊन विचार.

६. शाळेची मिस्सा: इथे नीट वाचा

वर्षाच्या सुरुवातीला, नाताळच्या आसपास, शाळेच्या आश्रयदात्या संताच्या सणाला अशी मिस्सा असते आणि पालकांनाही बोलावतात. जा. पण जायच्या आधी हे माहीत असू द्या.

मिस्साचे दोन मोठे भाग. पहिल्यात बायबलमधली वाचनं आणि फादरांचं प्रवचन, दुसऱ्यात भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणून ख्रिस्तप्रसादाचा विधी. बसणं, उभं राहणं, गुडघे टेकणं हे आलटून पालटून चालतं, पुढच्या रांगेकडे बघून उठबस करा, गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसून राहिलात तरी कोणी काही म्हणत नाही. मध्येच सगळे एकमेकांना शांतीची खूण देतात, हात मिळवतात किंवा नमस्कार करतात, तिथे बिनधास्त सामील व्हा. आत एका बाजूला छोटा दिवा सतत तेवत असतो, तिथल्या पेटीत ख्रिस्तप्रसाद ठेवलेला असतो, म्हणून कॅथलिक लोक त्या दिशेला एक गुडघा टेकून मग बाकावर बसतात. आपण मान लवली तरी पुरे.

आता सगळ्यात मोठा सापळा. कम्युनियनच्या वेळी अख्खी रांगच्या रांग उठून पुढे जायला लागते, आणि आपल्याला वाटतं हा प्रसाद, प्रसाद नाकारायचा नसतो! मीही उठले. पुढे पोचले, फादरांनी पांढरी पातळ चकती उचलली, "ख्रिस्ताचं शरीर" असं म्हणून माझ्यासमोर धरली, आणि मी दोन्ही हात पुढे करून नुसती बघत राहिले. उत्तरात "आमेन" म्हणायचं असतं हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या लगेच लक्षात आलं, हळूच विचारलं, "कॅथलिक?" मी मान हलवली नाही म्हणून, त्यांनी चकती परत ठेवली, मला आशीर्वाद दिला, आणि मी कान लाल करून परत बाकावर. मागच्या रांगेतल्या एका आईने नंतर सांगितलं की दरवर्षी एक तरी जण असं करतं.

तर नियम असा आहे की कम्युनियन हा आपल्या अर्थाचा प्रसाद नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असतं, आणि ते बाप्तिस्मा झालेल्या, पहिलं कम्युनियन घेतलेल्या कॅथलिकांनीच घ्यायचं असतं (काही फार थोडे अपवाद आहेत, ते आपल्या कामाचे नाहीत). म्हणजे कॅथलिक मूलसुद्धा पहिलीत असेल तर घेत नाही. त्या वेळी आपण बाकावर बसून राहायचं, पुढच्यांना जायला जागा द्यायची. बऱ्याच ठिकाणी छातीवर हात आडवे घेऊन रांगेत गेलं तर फादर आशीर्वाद देतात, पण सगळीकडे ही पद्धत नसते, आधी विचारून घ्या. आणि मुलाला घरीच सांगून ठेवा. चुकून हातात पडलंच तर खिशात घालायचं नाही, घरी आणायचं नाही, लगेच फादरांना किंवा बाईंना द्यायचं. हे नाही सांगितलं तर मुलं आईला दाखवायला म्हणून खिशात घालून आणतात, आणि मग फारच अवघड होतं.

राखेच्या बुधवारी (ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) मात्र उलट. कपाळावर राख लावून घ्यायला कोणालाही चालतं, कॅथलिक असायलाच हवं असं नाही. ती राख सहसा मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून केलेली असते. तुमचं मूल कपाळावर काळा क्रूस घेऊन घरी आलं तर ते हे.

७. पहिलं कम्युनियन

साधारण सात-आठ वर्षांचं मूल झालं की हा विषय येतो. पूर्वी मुलांना बरंच उशिरा, दहा-बारा किंवा त्याहूनही पुढे, कम्युनियन द्यायचे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी आदेश काढला की मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यातला फरक कळायला लागला की पुरे, साधारण सातवं वर्ष. तेव्हापासून हा सोहळा प्राथमिक शाळेच्या वयात आला.

कॅथलिक पालकांसाठी:

- बऱ्याच ठिकाणी तयारी पॅरिशमध्ये असते, शाळेत नाही. शाळेत धर्मशिक्षण आहे म्हणजे आपोआप नाव लागलं असं समजू नका. नोंदणी वेगळी, वर्ग वेगळे, बहुतेक रविवारी. एका मैत्रिणीने असं धरून चालून एक वर्ष घालवलं.
- बाप्तिस्म्याचा दाखला पुन्हा लागतो. शाळेला दिलेला परत मिळत नाही, तेव्हाच जास्तीची प्रत घेऊन ठेवा.
- आधी पहिलं पापनिवेदन म्हणजे कन्फेशन असतं, क्रम तोच. मुलं याला फार घाबरतात. घरी काय काय सांगायचं याची यादी करून देऊ नका, त्याने मूल तुमची पापं सांगून येतं.
- कपड्यांवरून वेडे होऊ नका. पॅरिशने काही सांगितलंय का ते बघून मगच खरेदी.

आणि कॅथलिक नसलेल्यांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची. त्या वर्षी वर्गात महिनोन्महिने कम्युनियनचीच चर्चा असते, गाणी, पांढरे कपडे, फोटो, आणि आपलं मूल बाजूला पडतं. माझी मुलगी एक दिवस रडत आली, म्हणाली मला का नाही. मी तिला समजावायचा प्रयत्न केला आणि सपशेल फसले. मग बाईंशी बोलले, त्यांनी तिला त्या दिवशी मैत्रिणींसाठी गायनात घेतलं, तिने शुभेच्छाकार्डं केली, आणि ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून सगळ्यांकडे बघून हात हलवत होती. बाईंशी लवकर बोला, एवढंच. कार्यक्रमाच्या आठवड्यात सांगितलं तर त्यांनाही काही करता येत नाही.

८. वर्षाचं कॅलेंडर

शाळेची डायरी हातात आली की हे दिवस खूण करून ठेवा.

आगमनकाळ: नाताळच्या आधीचे चार रविवार. वर्गात चार मेणबत्त्यांचं चक्र असतं, बहुतेक तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर आठवड्याला एक वाढते. गुलाबी तिसऱ्या रविवारची.

उपवासकाळ: राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस. तारीख दरवर्षी बदलते, कारण ईस्टर २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो (चर्चच्या स्वतःच्या गणिताची पौर्णिमा असते ती), म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीही. परीक्षा आणि सहलींची आखणी यामुळे दरवर्षी हलते, तक्रार करून उपयोग नाही. या काळात शुक्रवारी क्रूसाची वाट असते, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची आठवण करत म्हटलेली प्रार्थना, चौदा थांबे. आणि हो, उपवासाचे नियम लहान मुलांना लागू नाहीत, मांसाहार टाळायचा नियम चौदाव्या वर्षापासून आणि उपवासाचा अठरापासून. मूल शाळेत ऐकून आलं आणि जेवायचं नाही म्हणायला लागलं तर सिस्टरनाच सांगायला लावा, आपलं ऐकत नाहीत.

१ नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. दोन तारखेच्या आसपास वर्गात घरातल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून ठेवायला सांगतात. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर बाईंना आधी कल्पना द्या. माझे सासरे त्याच वर्षी गेले होते, आणि मुलीने यादीत त्यांचं नाव लिहिताना "आजोबा" एवढंच लिहिलं, कारण तिला त्यांचं खरं नाव माहीतच नव्हतं.

शाळेच्या संताचा सण: ही तारीख पाठ करा. त्या दिवशी अभ्यास नसतो.

९. सेवा: पैसे देणं सोपं आहे, बाकीचं शिका

या शाळांत सेवा हा शब्द तुम्हाला सारखा ऐकू येईल. त्यामागे दयेची सात शारीरिक कृत्यं अशी जुनी यादी आहे, भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट, मृताला मूठमाती. प्राथमिक शाळेत यातलं जमेल ते करतात. उपवासकाळात पुठ्ठ्याचा डबा घरी येतो, त्यात मुलाने आपल्या खाऊच्या पैशांतले टाकायचे. मुलांनी मुलांसाठी करायचं ही कल्पना चर्चमध्ये जुनी आहे, १८४३ मध्ये फ्रान्समधल्या एका बिशपने मुलांची अशी संस्थाच सुरू केली होती.

सापळा: पालक त्या डब्यात स्वतः नोटा कोंबतात म्हणजे आपल्या मुलाचा डबा जड दिसेल. करू नका. डबा हलका असू दे, पण त्याचा असू दे.

मोठ्यांसाठी पण कामं असतात, वाचनालय, सहलीला सोबत, जुन्या कपड्यांची वर्गवारी. मुलांच्या जवळ काम करायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी पार्श्वभूमीची तपासणी आणि छोटं प्रशिक्षण लागतं, त्यात आठवडे जातात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच फॉर्म भरा. आणि पहिल्याच सभेत उत्साहात चार कामांना हात वर करू नका, एक घ्या आणि पूर्ण करा.

कपड्यांच्या वर्गवारीला मी गेले होते. माझ्यासमोर स्वेटरांचा ढीग, चांगला-वाईट करायचं. एक छान निळा स्वेटर होता, फक्त मधलं बटण नव्हतं, मी तो चांगल्यात टाकला. शेजारच्या वयस्कर सिस्टरनी तो परत उचलला, खिशातून सुई-दोऱ्याची डबी काढली आणि म्हणाल्या, "घेणाऱ्याला बटण शोधायला लावायचं नाही." त्या दिवशी आम्ही तासभर बटणंच लावत बसलो, आणि निम्मे स्वेटर तसेच राहिले.

१०. काही चुकतंय असं वाटलं तर

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग व्यवस्थापन, हा क्रम पाळा. रविवारी चर्चच्या दारात फादरांना गाठून गृहपाठाबद्दल बोलू नका, त्यांना माहीत नसतं आणि शिक्षक उगाच दुखावतात.

एक अपवाद. मुलाच्या सुरक्षिततेबद्दल काही शंका असेल, कोणाच्या वागण्याबद्दल मूल काही बोललं असेल, तर क्रम वगैरे बघायचा नाही. शाळेत बालसुरक्षेसाठी नेमलेली व्यक्ती असेल तर तिच्याकडे, आणि गंभीर असेल तर थेट पोलिसांकडे. समोर फादर आहेत की सिस्टर की शिपाई, याने काही फरक पडत नाही. प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या की ही व्यक्ती कोण, आणि मुलांचं कन्फेशन सगळ्यांना दिसेल अशा जागी होतं का. चांगल्या शाळेला हा प्रश्न खटकत नाही.

११. पहिल्या आठवड्यात

मुलाला शाळेच्या संताचं नाव सांगता आलं पाहिजे. तुम्हाला मुख्याध्यापकांचं, वर्गशिक्षकांचं आणि ऑफिसच्या बाईंचं. क्रूसाची खूण शिकवायची असेल तर मुलाच्या समोर नका उभ्या राहू, शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहा. कागदांच्या दोन-दोन प्रती एका फाइलमध्ये. आणि कम्युनियन घेणारं मूल असेल तर मिस्साच्या दिवशी लक्षात ठेवा, कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं-प्यायचं नसतं, पण पाण्याने आणि औषधाने तो नियम मोडत नाही, तेव्हा पाण्याची बाटली काढून घेऊ नका.